यादी आधी, सही नंतर

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या प्रबोधन सभेतील भाषण. बोलताना राहून गेलेले एक-दोन मुद्दे लिहून काढताना घातले आहेत.)



यंदा तुम्ही बोलायचं, असं कमिटीने मला सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, हा गिरणी कामगारांच्या प्रश्नावर नाहीतर घटनेवर बोलेल. मी म्हटलं, मी घटस्फोटावर बोलणार आहे. घटस्फोटात कुणाच्या वाट्याला काय येतं, यावर बोलणार आहे. दोघे-चौघे गप्पच झाले. एक जण म्हणाला, "काका, वर्धापनदिनाला असला अशुभ विषय कशाला?" मी म्हटलं, "बाबा रे, शुभ-अशुभ आपण १९५६ सालीच नागपूरला सोडून आलो ना?" तेव्हा कुठे परवानगी मिळाली.

मी वकील नाही. नववीला शाळा सुटली. पुढे दोन वर्षं रात्रशाळा, आणि बाकीचं शिक्षण ह्या विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर झालं. १९८८ साली गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो, पुढे फोल्डिंग खात्यात कायम झालो. मार्च २०२० मध्ये गिरणी बंद झाली, ती माझ्यापुरती कायमचीच. तेव्हा आज मी जे सांगणार, ते कोर्टाच्या बाकड्यावर बसून, वकिलांना विचारून आणि कायद्याची पुस्तकं अडखळत वाचून मिळवलेलं आहे. कुणावर तशी वेळ आलीच तर नुसत्या माझ्या भाषणाच्या भरवशावर राहू नका, वकिलाकडे जा. पण तिथे गेल्यावर काय विचारायचं, एवढं तरी आपल्याला ठाऊक पाहिजे.

माझी एक सही

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

२००६ साल होतं. मी तेव्हा कमिटीचा सेक्रेटरी. आपल्यातल्याच एका मुलीचं सासरी जमेना. नवरा दारू प्यायचा, हात उचलायचा. आठ वर्षांचा संसार आणि पदरी एक मुलगा. दोन्हीकडची माणसं बसली. रविवारची दुपार, पाच पंच, शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर, आणि त्यावर टाइप करून आणलेली सोडचिठ्ठी. त्यात एक ओळ अशी होती की, उभयतांनी आपापल्या वस्तू, दागदागिने व भांडीकुंडी समजून घेतली असून यापुढे एकमेकांकडे कोणतेही देणेघेणे राहिलेले नाही. पाचही पंचांनी सह्या केल्या. तिसरी सही माझी. चहा झाला, आम्ही उठलो. घरी येऊन मी बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "एक भांडण मिटवून आलो."

सात वर्षांनी, २०१३ साली, ती मुलगी माझ्या दारात उभी. हातात तोच कागद. त्या गल्लीत पुनर्वसनाची योजना आली होती. ती चौकशीला गेली, तर नवऱ्याने तोच कागद पुढे केला आणि सांगितलं, तुझं इथं काही राहिलेलं नाही. ती मला म्हणाली, "काका, ही तुमचीच सही ना?"

मी म्हटलं, "हो."

"मग मला सांगा, मला काय काय मिळालं, ते तुम्ही डोळ्यांनी बघितलं होतं का?"

मित्रहो, मी काय बघितलं होतं? काहीच नाही. तिच्या आईने म्हैस विकून केलेली बोरमाळ, कानातली फुलं, लग्नानंतर लोकांची धुणीभांडी करून तिने घेतलेलं शिलाई मशीन, लग्नात मिळालेलं कपाट, हे सगळं त्या खोलीतच राहिलं होतं. ती पोराचं बोट धरून, एका पिशवीत चार कपडे घेऊन निघाली होती. आणि माझी सही सांगत होती की तिला सगळं मिळालं.

पुढे कळलं ते याहून वाईट. तो कागद मुळात घटस्फोटच नव्हता. आपल्या समाजात पूर्वीपासून काडीमोड चालत आली. पंचांसमोर काडी मोडायची, दोन तुकडे झाले की दोघं मोकळी. कायद्याने रूढीतली सोडचिठ्ठी अगदीच पुसून टाकलेली नाही. परंतु अशी रूढी पूर्वापार, अखंड चालत आली आहे, हे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावं लागतं. ते झालं नाही, तर स्टॅम्प पेपर असो की नोटरीचा शिक्का असो, लग्न कायमच राहतं. इकडे त्या नवऱ्याने दुसरी बाई लग्न करून आणली होती. पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न कायद्याने रद्दबातल असतं, शिवाय तो गुन्हा आहे. म्हणजे आम्हा पाच शहाण्यांच्या एका कागदाने दोन बाया फसल्या. पहिलीला तिचं मिळालं नाही, आणि दुसरी बायको म्हणून नांदत होती ती बायकोच नव्हती.

आपल्याला कोणता कायदा लागू?

पुष्कळ जण विचारतात, आपण बौद्ध, मग हिंदू विवाह कायदा आपल्याला कसा? १९५५ च्या ह्या कायद्याच्या दुसऱ्याच कलमात बौद्ध, जैन आणि शीख यांना तो लागू केलेला आहे. स्वतंत्र बौद्ध विवाह कायदा पाहिजे अशी मागणी आपण करतो, ती आपल्या जागी आहे. पण आज विहारात पंचशील घेऊन लागलेलं लग्न मोडायचं, तर ते ह्याच कायद्याखाली मोडतं.

आणि ह्या कायद्याच्या मुळाशी कोण आहे? बाबासाहेबांनी कायदेमंत्री म्हणून हिंदू कोड बिल पुढे नेलं. बाईची मालमत्ता ही पूर्णपणे तिचीच, मुलीला बापाच्या मिळकतीत हिस्सा, आणि न जमणाऱ्या लग्नातून कायदेशीर सुटका, ह्या गोष्टी त्यात होत्या. ते बिल रखडवलं गेलं, आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याच्या कारणांत हे एक मोठं कारण होतं. पुढे १९५५-५६ मध्ये तेच बिल तुकड्या-तुकड्यांनी चार कायदे होऊन आलं. आपल्या घरात आपण बाबासाहेबांचा फोटो लावतो, आणि त्याच फोटोखाली बसून सुनेचे दागिने दाबून ठेवतो. मग आपण त्यांचं काय घेतलं?

ढीग वेगळे करा

आता मुख्य मुद्दा. आमच्या फोल्डिंग खात्यात माल आला की आधी तो वेगळा करायचा. चांगला माल इकडे, डागी माल तिकडे, तुकडे तिसरीकडे. मग मोजणी. सगळं एकत्र ठेवून मोजलं की हिशोब चुकलाच म्हणून समजा. संसार मोडतानाही तसंच आहे. "अर्धं तुझं, अर्धं माझं" असं आपण सहज बोलतो. पण महाराष्ट्रात चालणाऱ्या आपल्या कायद्यात असा निम्मा-निम्मा नियमच नाही. कोणती वस्तू कोणत्या ढिगातली, हे आधी ठरतं.

पहिला ढीग बाईच्या स्त्रीधनाचा. लग्नाआधी, लग्नात, लग्नानंतर तिला जे जे मिळालं ते ह्यात येतं. माहेरच्यांनी दिलेलं, सासरच्यांनी अंगावर घातलेलं, मैत्रिणींनी दिलेलं, तिने स्वतः कमावलेलं, आईबापाकडून वारसाने आलेलं. ह्याची वाटणी होत नाही. ते तिचंच. १९५६ च्या वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने तिची मालकी पूर्ण आहे. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की स्त्रीधन सासरच्यांच्या ताब्यात असलं तरी ते नुसते सांभाळणारे; मागितल्यावर दिलं नाही तर तो विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा बजावलं की स्त्रीधन ही नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता नव्हे. अडचणीच्या वेळी नवऱ्याने ते मोडलं, तरी ते परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते. हे ऐकून कित्येक पुरुष मंडळी खाली बघायला लागली, ते मला इथून दिसतंय!

दुसरा ढीग दोघांना मिळून दिलेल्या वस्तूंचा. लग्नात मांडवात आलेलं कपाट, पलंग, फ्रीज, मिक्सर, पाकिटातले पैसे. जे दोघांचं म्हणून दिलं गेलं, त्याबद्दल घटस्फोटाच्या हुकूमनाम्यातच योग्य तो हुकूम करण्याचा अधिकार विवाह कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने कोर्टाला दिला आहे. पण ते त्याच दाव्यात मागावं लागतं. मागितलंच नाही, तर कोर्ट आपण होऊन घरी येऊन तुमची भांडी मोजत नाही.

तिसरा ढीग ज्याच्या नावावर, त्याच्या मालकीचा. इथे आपल्या बायकांची सगळ्यात जास्त फसगत होते. नवऱ्याच्या नावावर घेतलेली खोली, त्याचा प्रॉव्हिडंट फंड, त्याची ग्रॅच्युइटी, पतपेढीतली त्याची ठेव. बाईने वीस वर्षं डबे भरले, पोरं वाढवली, नवरा रात्रपाळी करून आला तेव्हा त्याची झोप मोडू नये म्हणून भर दुपारी पोरांना घेऊन ओट्यावर बसली. त्या झोपेवर त्याची हजेरी भरली आणि त्या हजेरीवर खोली झाली. पण कागदावर नाव एकट्याचं. घटस्फोट झाला की त्या खोलीत तिचा मालकीचा वाटा आपोआप निघत नाही. २०२३ साली मद्रास हायकोर्टाने एका खटल्यात, नवऱ्याच्या कमाईतून झालेल्या मालमत्तेत घर सांभाळणाऱ्या बायकोचा बरोबरीचा वाटा मानला. चांगली गोष्ट आहे. पण तो एका राज्याच्या हायकोर्टाचा निकाल आहे, संसदेने केलेल्या कायद्यात अजून तशी ओळ नाही.

चौथा ढीग दोघांच्या नावावरचा. खरेदीखतावर दोघांची नावं असतील, तर ज्याने जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा हिस्सा. आणि कुणी किती घातले ते सिद्ध झालं नाही, तर दोघांचा सारखा, असं मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो. म्हणून बाईने पगारातून, बचत गटातून, दागिना मोडून पैसे घातले असतील तर त्याची पावती, पासबुक जपून ठेवावं.

पाचवा ढीग सासऱ्याचा आणि वडिलोपार्जित. गावची जमीन, सासूच्या नावावरचं घर. घटस्फोटात सुनेला ह्यात मालकीचा वाटा मिळत नाही. पण मालकी वेगळी आणि डोक्यावरचं छप्पर वेगळं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने नांदत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, आणि घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरीसुद्धा ते नांदतं घर ठरू शकतं, असं सुप्रीम कोर्टाने २०२० साली सांगितलं. भांडण झालं म्हणून रात्री बाईला बाहेर काढून कडी लावायची, ही मर्दुमकी आता चालत नाही.

सहावा ढीग कर्जाचा. हा ढीग कुणालाच नको असतो! लक्षात ठेवा, बँकेला आणि पतपेढीला तुमच्या घटस्फोटाशी कर्तव्य नसतं. ज्यांनी कर्जावर सह्या केल्या, जे जामीन राहिले, त्यांच्याकडे वसुली येते. नवऱ्याने गाडीसाठी काढलेल्या कर्जाला बायको जामीन असेल, तर वेगळं होताना तो हप्ता कोण भरणार आणि जामिनातून तिचं नाव कसं काढणार, हे आधी ठरवून मगच सही.

पोटगी म्हणजे वाटणी नव्हे

मग तिसऱ्या ढिगातलं काहीच नाही का मिळत? तिथे पोटगी येते. विवाह कायद्याच्या पंचविसाव्या कलमाप्रमाणे घटस्फोटाच्या वेळी, किंवा नंतर अर्ज करूनही, कायमची पोटगी मागता येते. महिन्याला ठरावीक किंवा एकरकमी. कोर्ट दोघांचं उत्पन्न बघतं, दोघांची मालमत्ता बघतं, दोघांची वागणूक बघतं. म्हणजे खोली नवऱ्याच्या नावावर असली तरी रक्कम ठरवताना ती हिशोबात येते. गरज पडली तर त्याच्या स्थावर मिळकतीवर पोटगीचा बोजाही चढवता येतो. दावा चालू असताना चोविसाव्या कलमाखाली तात्पुरती पोटगी मागता येते. ह्या दोन्ही कलमांखाली गरजू नवराही मागू शकतो, कायदा एकतर्फी नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा ह्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने एक मोठं काम केलं. पोटगीच्या प्रत्येक दाव्यात दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. "मला काही पगारच नाही" असं सांगून सुटणाऱ्यांची त्यामुळे अडचण झाली. प्रतिज्ञापत्रावर खोटं लिहिणं महागात पडतं.

मुलांचा खर्च हा आणखी वेगळा. आईने रागाच्या भरात "मला काही नको" असं लिहून दिलं, म्हणून पोराचा हक्क बुडत नाही. तो तिचा नाहीच, तर ती कसा सोडणार?

शेजारी काय आहे?

हे असंच असलं पाहिजे असं काही नाही. शेजारच्या गोव्यात बघा. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या दिवाणी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, आणि वेगळं होताना तिचे दोन सारखे भाग धरतात. गोव्यातली बाई अर्ध्याची मालकीण, आणि बांद्याच्या नाक्याच्या अलीकडची आपली बाई पोटगीची अर्जदार!

आपल्याकडेही प्रयत्न झाला. २०१० साली केंद्र सरकारने विवाह कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. २०१३ मध्ये ते राज्यसभेत मंजूर झालं. त्यात नवऱ्याच्या स्थावर मिळकतीतून घटस्फोटित बायकोला वाटा देण्याची तरतूद होती. लोकसभेत ते पुढे सरकलंच नाही, आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपल्यावर बिलही संपलं. हिंदू कोड बिल रखडलं तेव्हा बाबासाहेबांनी खुर्ची सोडली होती. हे बिल पडलं तेव्हा आपल्या वस्तीत त्याची बातमीसुद्धा कुणी वाचली नाही. मीही धरून.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर कायदा नाव बघतो आणि कागद बघतो. मग आपणच नाव लावायचं आणि कागद ठेवायचा. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने 'लक्ष्मी मुक्ती' ही मोहीम काढली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. कुठल्या कोर्टाच्या हुकमाने नाही, आपखुशीने. आपण तर बुद्धाला शरण गेलेली माणसं. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी नवऱ्याची बायकोप्रती पाच कर्तव्यं सांगितली आहेत. त्यात घरातला अधिकार तिच्या हाती देणं आहे, आणि तिला दागदागिने देणंही आहे. दिलेले काढून घेणं त्यात कुठेही नाही.

संसार नीट चालू असताना करायची कामं

आया-बहिणींनो, भावांनो, ही कामं भांडण झाल्यावर होत नाहीत. म्हणून आजच लिहून घ्या.

१) लग्नाची यादी. हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ पासून नियमच आहे की वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने आणि वराला मिळालेल्या भेटींची यादी वराने ठेवायची. वस्तू काय, अंदाजे किंमत किती, कुणी दिली, त्याचं नातं काय, हे लिहायचं आणि खाली दोघांच्या सह्या. आपण आहेराच्या वहीत अकरा रुपयेसुद्धा लिहून ठेवतो. मग बोरमाळ का लिहीत नाही? कारण ती वही परतफेडीसाठी असते, हक्कासाठी नसते.

२) सोनाराची पावती आणि लग्नाचे फोटो. दोन्हीच्या प्रती माहेरीही ठेवा.

३) लग्नाची नोंदणी. विहाराचा दाखला चांगला, पण सरकारी नोंदणी हवीच. लग्नच सिद्ध झालं नाही तर पुढचं सगळं लटकतं.

४) घरावर दोघांची नावं. झोपडपट्टी पुनर्वसनात झोपडीधारक आणि त्याची पत्नी किंवा पती अशा दोघांच्या नावाने करार करायचा, असा नियम आहे. करारावर सही करायला एकटे जाऊ नका. तुमचं नाव वाचून बघा, स्पेलिंगसुद्धा बघा. महाराष्ट्रात २०२१ पासून राहतं घर फक्त बाईच्या नावाने घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत सुरू झाली, तीही विचारात घ्या.

५) बाईचं स्वतःचं बँक खातं. मजुरी, पगार, बचत गटाची रक्कम तिथेच.

६) वाचल्याशिवाय सही नाही. जामीन म्हणून नाही, कोऱ्या कागदावर तर नाहीच नाही.

आणि वेळ आलीच, तर दोघांच्या संमतीचा घटस्फोट विवाह कायद्याच्या तेरा-ब कलमाखाली कोर्टातून घ्या. निदान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. त्यात दोघं मिळून अटी लिहून देतात. खरी वाटणी त्या कागदावर होते. तिथे "सर्व वस्तू मिळाल्या" असं मोघम लिहू नका. कपाट एक, मशीन एक, बोरमाळ एक, वजन अमुक, दिली तमुक तारखेला, असं लिहा. वकिलाची फी नाही म्हणून अडू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. अनुसूचित जातीच्या पुरुषालाही मिळू शकतो.

आता पाठीमागून कुणीतरी म्हणेल, नव्या नवरीच्या हातात यादी दिली तर अविश्वास वाढेल. मला सांगा, गिरणीत हजेरी कार्ड होतं म्हणून मालक आणि कामगार यांच्यात अविश्वास वाढला का? उलट कार्ड नसायचं त्या बदलीवाल्याचाच पगार बुडायचा. यादी नवऱ्याच्याही बाजूची आहे. त्याच्या आईच्या पाटल्या सुनेने वापरायला घेतल्या असतील, तर त्याही लिहिलेल्या असाव्यात. वेगळं होताना न दिलेल्या वस्तू दिल्या म्हणून सांगणारी माहेरची माणसंही मी बघितली आहेत. खोट्याला दोन्हीकडून आळा बसतो, तो लिहिलेल्या कागदाने.

शेवटी काय झालं

त्या मुलीबरोबर मी गेलो. आधी विधी सेवेच्या वकीलबाईंकडे, मग कोर्टात. साक्षीदार म्हणून उभा राहिलो. समोरच्या वकिलाने तो कागद माझ्या हातात दिला आणि विचारलं, "ही सही तुमची?" मी म्हटलं, "माझी." "वस्तू मिळाल्या असं इथे लिहिलं आहे. मग तुम्ही तेव्हा खोटं लिहून दिलंत, की आता खोटं बोलताय?"

गिरणीत कधी मान खाली घातली नव्हती, ती त्या दिवशी गेली. मी म्हटलं, "साहेब, तेव्हा न बघता सही केली. खोटं तेव्हाचं आहे."

तीन वर्षं गेली. २०१६ साली संमतीने निकाल झाला. मशीन परत मिळालं, गंजलेलं. कानातली फुलं मिळाली. बोरमाळ मोडलेली होती. पावती नव्हती, पण लग्नाच्या फोटोत ती तिच्या गळ्यात ठसठशीत दिसत होती. त्या एका फोटोवर तिच्या बदल्यात काही रक्कम मिळाली. मुलाचा खर्च ठरला आणि एक एकरकमी पोटगी ठरली. खोली मात्र नवऱ्याचीच राहिली. तिचा सगळा हक्क मिळाला असं मी म्हणणार नाही. जेवढं सिद्ध करता आलं, तेवढं मिळालं. ते मशीन तिने दुरुस्त करून घेतलं, आणि त्याच्यावर पोराला शिकवलं.

त्या दिवसापासून मी पंच म्हणून बसतो, पण सोडचिठ्ठीवर सही करत नाही. वस्तू समोर ठेवा, यादी वाचा, तिला "मिळालं का" म्हणून तिच्याच तोंडून ऐकू द्या, आणि मग कोर्टात जा, असं सांगतो. काही लोक रागावतात. रागावू देत.

आज वर्धापनदिनी कमिटीपुढे माझ्या दोनच सूचना आहेत. एक, ह्या विहारात यापुढे स्टॅम्प पेपरवरची सोडचिठ्ठी होऊ नये. दुसरी, इथे लागणाऱ्या प्रत्येक लग्नात वधूची आणि वराची अशा दोन याद्या दोन-दोन प्रतींत व्हाव्यात, आणि एक-एक प्रत विहाराच्या कपाटात राहावी. ज्या कपाटातल्या पुस्तकांनी मला शिकवलं, त्याच कपाटात. पहिल्या यादीच्या वहीचा खर्च मी देतो.

ह्या याद्या कधी उघडायची पाळी कुणावर न येवो. पण आली, तर उद्या कुठल्या मुलीला कुणाच्या दारात जाऊन "तुम्ही बघितलं होतं का?" असं विचारावं लागू नये. इतकं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.

जयभीम! नमो बुद्धाय!